मयेकर मास्तरांचं क्रियापद

आयुष्यात ज्या माणसाचा मी सर्वांत जास्त हेवा केला, तो दिसायला अगदी सुमार होता. बुटका, काळासावळा, कानांच्या पाळ्या जाड, आणि अंगात असा कोट की त्याच्या एका खिशाचं तोंड कायम आ वासलेलं. त्या खिशात खडूचे तुकडे, सुपारीची पुडी आणि शाईचे डाग पडलेला रुमाल एकत्र नांदत. नाव विठोबा रामजी मयेकर. मनातल्या मनात मी त्यांना नेहमी एकेरीच म्हटलं. इथे लिहिताना अहो-जाहो करतो आहे. निदान तेवढं तरी आता करावं.

रत्नागिरीतल्या एका खाजगी इंग्रजी शाळेत आम्ही सहा-सात वर्षं बरोबर शिकवलं. असहकाराच्या लाटेत शाळा सोडून गेलेली मुलं एकेक करून बाकांवर परतत होती, तो काळ. मी पुण्याला शिकलेला, बी.ए., इंग्रजी माझा खास विषय. मयेकर नुसते मॅट्रिक, तेही तिसऱ्या खेपेला. घर राजापूर तालुक्यात, नाटे गावात. वडील गलबतावर तांडेल. मॅट्रिकनंतर मयेकरांनी बंदरावरच्या कचेरीत पाच वर्षं कारकुनी केली होती. तिथून आमचे हेडमास्तर दामले यांनी त्यांना उचलून शाळेत आणलं. का, तर बंदराच्या फळ्यावर मयेकरांनी लिहिलेली इंग्रजी सूचना दामल्यांना आवडली! मला नोकरीवर घेताना याच दामल्यांनी माझी सर्टिफिकिटं दोनदा उलटून पाहिली होती.

माझा इंग्रजी पाचवीचा वर्ग आणि मयेकरांचा चौथीचा वर्ग यांच्यामध्ये एक लाकडी पडदी होती. ती आढ्यापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे पलीकडचा शब्द न् शब्द अलीकडे पडे. मयेकरांचा आवाज समुद्राकाठचा, वाऱ्यावर हाक मारून कमावलेला. माझा आवाज त्या पडदीवरून पलीकडे कधी गेला असेल असं मला वाटत नाही.

एक दिवस पलीकडे धड्यात 'पोस्टपोन' हे क्रियापद आलं. एरवी अशा शब्दाला आम्ही अर्ध मिनिट देत असू. अर्थ सांगायचा, मुलांनी वहीत लिहायचा, पुढे जायचं. मयेकरांनी त्याला सबंध तास दिला.

"पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणं, सर," एक मुलगा म्हणाला.

"काय ढकललंस? हातगाडी?"

पलीकडे हशा. माझ्या वर्गातही दोघं-तिघं फुसकन हसले.

"ऐका," मयेकर म्हणाले. "मी बंदरावर होतो तेव्हा फळ्यावर तीन शब्द लिहीत असे. बोट मुंबईहून निघालीय, पण जयगडला अडलीय, तर डिलेड. त्यात कुणाचा हुकूम नाही. वारा आडवा आला, माल चढवायला वेळ लागला, झाला उशीर. बोट अजून निघालीच नाही, उद्या निघणार, तर पोस्टपोन्ड. म्हणजे कुणीतरी माणसाने खुर्चीत बसून ठरवलंय आणि पुढचा दिवस नेमलाय. आणि बोट येणारच नसेल तर कॅन्सल्ड. डिलेड लिहिलं की लोक धक्क्यावर वळकट्यांवर बसून राहायचे. पोस्टपोन्ड लिहिलं की घरी जायचे. कॅन्सल्ड लिहिलं की मला शिव्या द्यायचे."

"आणि पुट ऑफ, सर?"

"पुट ऑफ हा त्याचाच भाऊ. पोस्टपोन कोट-पगडी घालून कचेरीत जातो, पुट ऑफ पंचा नेसून पडवीत बसतो. पण दोघांच्या स्वभावात फरक आहे हां. मुंज पोस्टपोन करतात. दात उपटायचा असला की पुट ऑफ करतात. पुट ऑफमध्ये बऱ्याचदा मन नसतं."

"सर, आणि तारीख अलीकडे आणायची असली तर काय म्हणायचं?"

मी पुस्तक खाली ठेवलं. आता अडकला, असं माझ्या मनात आलं आणि मला बरं वाटलं.

"त्याला एक शब्द मला माहीत नाही," मयेकर सरळ म्हणाले. "कदाचित नसेलच. अलीकडे आणण्याची घाई साहेबालाही फारशी पडत नसावी."

पुन्हा हशा. माझ्या वर्गातली चाळीस डोकी पडदीकडे कललेली होती, वाऱ्यात भात कलावं तशी. मी रूळ आपटला, डोकी सरळ झाली. पण खरं सांगायचं तर रूळ आपटण्यापूर्वी मीही ऐकतच होतो. मला स्वतःला हा फरक इतका स्वच्छ ठाऊक नव्हता. शब्दकोशात तो होता, माझ्यापाशी नव्हता.

त्या दिवशी घरी चहा घेताना मी माझ्या पत्नीला, यमुनेला, तो सगळा तास सांगितला. कोट-पगडी, पंचा, दात, मुंज, सगळं. फक्त तो आपणच घेतला असं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "छान आहे. पण हे तुमचं नव्हे. मयेकर मास्तरांचं असणार."

"कशावरून?"

"सांगताना तुम्ही हसलात."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्या एका तासानंतर मयेकरांना शाळेत एक लकबच जडली. कुणी मुलगा म्हणाला, सर, गृहपाठ उद्या दाखवतो, की ते विचारत, "उद्या म्हणजे कुठला उद्या? वार सांग." मुलगा वार सांगे. मयेकर तो एका चिठोऱ्यावर लिहीत, आणि त्या वारी बरोबर मुलापुढे उभे राहत. शिक्षा क्वचित करीत, पण विसरत कधी नसत. राग आला तर मात्र तो भयंकर. एकदा कुणीतरी त्यांच्या नाट्याच्या हेलाची नक्कल केली, तेव्हा त्यांनी खुर्ची लाथेने उलटवली आणि उरलेला तास खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून म्हणाले, "काल माझंच चुकलं. पण तुझी नक्कलही वाईट होती. आमच्याकडे असं बोलत नाहीत." आणि खरं कसं बोलतात ते त्याला करून दाखवलं.

चंद्राबाईची गोष्ट त्याच सुमाराची. ती मिरकरवाड्यावर राहायची, मासळी विकायची. तिचा एकुलता मुलगा मोठ्या जहाजावर खलाशी होता. एकदा मुंबईहून इंग्रजीत पत्र आलं ते घेऊन ती मधल्या सुट्टीत शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच होतो. पत्र जहाजाच्या कारकुनाने लिहिलेलं, चार ओळींचं. मी वाचलं आणि म्हणालो, "तुझ्या मुलाची रजा रोखली."

तिचा चेहराच उतरला. "रोखली? काय केलान वो त्यानं? मारामारी केलान? कैदेत टाकलानी काय त्याला?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग रोखली कशाला?"

मी पत्र पुन्हा उलटून पाहिलं. ती खाली बसली आणि डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन रडायला लागली. तेवढ्यात मयेकर आले. त्यांनी पत्र मागितलं, एकदा वाचलं, आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"चंद्राबाय, रडतेस कशाला? रजा रोखलेली नाही, पुढे ढकललीय. ढकलली म्हणजे रजा आहे. नसती तर ढकलली कशाला असती? हे बघ, दिवसही दिलाय. जहाज एडनला जाऊन परत आलं की त्याला सोडणार. शिमग्याच्या आत येईल."

"खरंच येल?"

"पत्रात लिहिलंय तेवढं मी सांगतोय. त्याच्या पलीकडचं मी नाही सांगत."

तिने डोळे पुसले. रोखणं आणि पुढे ढकलणं यांतला फरक त्या अडाणी बाईला एका क्षणात कळला, आणि बी.ए. झालेल्या मला त्यावेळी सुचला नव्हता. मुलगा शिमग्याच्या पालखीला खरोखर घरी होता. त्यानंतर चंद्राबाई केळीच्या पानात दोन पापलेटं बांधून शाळेच्या मागच्या फाटकाशी आली आणि ती मयेकरांना देऊन गेली. मला तिने काही दिलं असतं तरी मी ते घेऊ शकलो नसतो. आमच्या घरात मासळी शिजत नाही. पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही, हे मला लागलं.

मयेकरांच्यात एक मोठा दोष होता आणि तो मी फार जपून लक्षात ठेवला होता. मुलांकडून वार वदवून घेणारा हा माणूस स्वतःची एक गोष्ट वर्षानुवर्षं लांबवत होता. शिक्षकांची एक सरकारी परीक्षा असे. पदवी नसली तरी ती दिली की वरचे वर्ग शिकवायला हक्काने मिळत. दामले दरवर्षी त्यांच्या पुढ्यात अर्ज ठेवत, मयेकर दरवर्षी तो भरत, आणि परीक्षा जवळ आली की काहीतरी निघे. एकदा आईचं दुखणं, एकदा घराची कौलं. एकदा तर त्यांनी कारणही सांगितलं नाही.

एकदा आम्ही दोघं मांडवीच्या बाजूने चालत घरी जात होतो. मी मुद्दाम विषय काढला.

"यंदा बसणार ना परीक्षेला?"

त्यांनी वाटेतला एक शिंपला पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "मास्तर, तुम्हाला खरं सांगतो. मॅट्रिकला मी दोनदा आपटलो. आमच्या वाडीत सगळ्यांच्या तोंडी तेच. आता इथे मुलं मला मानतात. पुन्हा आपटलो तर कुठल्या तोंडाने वर्गात उभा राहू?"

"छे छे, तुम्ही कसले आपटताय," मी म्हणालो. आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पुढे खात्याचे एक इंग्रज इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले. साहेब उंच, घामाघूम, कंटाळलेले. माझ्या वर्गात शिरले तेव्हा फळ्यावर मी सकाळी लिहिलेली वाक्यं होती. त्यातल्या एका वाक्यात मी 'पोस्टपोन' वापरलं होतं आणि त्याच्यापुढे 'टू गो' जोडलं होतं. साहेब त्या वाक्यासमोर थांबले. छडीचं टोक 'टू'वर ठेवलं. वळून इंग्रजीत विचारलं, हे कुणी लिहिलं?

चूक काय आहे हे मला नीट कळलं नव्हतं, एवढंच कळलं की चूक आहे. दामल्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या मागे दारात मयेकर उभे होते. ते एक पाऊल पुढे आले आणि अदबीने म्हणाले, साहेब, इथे मास्तर मुलांना मुद्दाम एक चुकीचं वाक्य देतात आणि त्यातली चूक शोधायला लावतात.

"असं?" साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. "मग सांगा, चूक कुठे आहे?"

माझ्या वर्गातले चार हात वर गेले. पडदीपलीकडून ऐकून त्यांना ते ठाऊक होतं. एकाने उठून म्हटलं, 'पोस्टपोन'पुढे 'टू गो' नाही, 'गोइंग'. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. जाताना शाळेच्या शेरेबुकात त्यांनी माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल दोन ओळी लिहिल्या. माझं नाव घालून.

दुपारी मयेकर माझ्याजवळ आले. खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "पोस्टपोनपुढे टू लावू नका. त्याला आयएनजी लागतं." आणि निघून गेले. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्यासमोर किंवा कुणासमोरही काढला नाही. दुसऱ्या कुणी मला असं वाचवलं असतं तर मी जन्मभर त्याचे आभार मानले असते. पण मयेकरांनी वाचवलं, म्हणून मला रात्रंदिवस डाचत राहिलं. शेरेबुकातल्या त्या दोन ओळी मी कधी कुणाला दाखवल्या नाहीत.

पुढच्या जूनमध्ये दामल्यांनी मॅट्रिकच्या वर्गाचं इंग्रजी मयेकरांना दिलं. तो वर्ग मला मिळणार असं मी यमुनेला सांगून बसलो होतो. मी दामल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "आगाशे, तुमच्या इंग्रजीबद्दल मला शंका नाही. पण मुलं त्यांच्या तासाची वाट बघतात. मी काय करू?" मी म्हणालो, "काही हरकत नाही." घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दामल्यांना विषमज्वर झाला. बरे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना दोन महिने हवापालटासाठी देशावर पाठवलं. जाताना शाळेचा कारभार त्यांनी माझ्याकडे सोपवला. आणि नेमकं त्या दोन महिन्यांत खात्याचं पत्रक आलं. ज्या शिक्षकांना पदवी नाही आणि ज्यांनी परीक्षाही दिलेली नाही, त्यांना वरच्या वर्गांवर ठेवायचं असेल तर शाळेने त्यांच्यासाठी शिफारसपत्र पाठवावं. मुदत एक महिना. त्यानंतर आलेल्या पत्रांचा विचार होणार नाही.

आमच्या शाळेत असा माणूस एकच होता.

मी पत्रक मयेकरांना दाखवलं. ते वाचून हसले. "बरं झालं, परीक्षेची पीडा टळली. लिहाल ना चार शब्द?"

"लिहीन की."

त्याच दिवशी मी शिफारस लिहिली, आणि चांगली लिहिली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, खरं एकही गाळलं नाही. लिहिताना माझं मलाच आश्चर्य वाटलं, या माणसाबद्दल मला इतकं ठाऊक होतं. पाकिटात घातली, पत्ता लिहिला, आणि टेबलाच्या खणात ठेवली. म्हटलं, उद्या टपालात टाकू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सोमवारी. सोमवारी दुसरी कामं निघाली, किंवा मी काढली. दोनदा मयेकरांनी विचारलं, "गेलं का हो ते?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "जाईल." त्यांनी मला वार विचारला नाही. मुलांवर जो विश्वास ते टाकत नसत, तो त्यांनी माझ्यावर टाकला.

पडदी आता आमच्यामध्ये नव्हती. मॅट्रिकचा वर्ग दुसऱ्या टोकाला होता. तरीही मधल्या सुट्टीच्या आधी तिकडून हसण्याचा लोट आला की माझा हात खणाच्या कडीवरून मागे येई. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी मी पाकीट पाठवलं. जावक बुकात तारीख घातली. खोटी घालता आली असती. ती मात्र मी खरी घातली. का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

दामले परत आले त्याच आठवड्यात खात्याचं उत्तर आलं. पत्र मुदतीनंतर पोचल्यामुळे विचार करता येत नाही. दामले अजून अशक्त होते. डोक्याला हात लावून म्हणाले, "टपालात कुठे तरी रखडलं असणार." मी मान हलवली. मयेकर कारकुनाच्या टेबलाशी गेले, जावक बुक उघडलं, बोटाने ओळी उतरत गेले, एका ओळीवर थांबले. मग बुक मिटून जागच्या जागी ठेवलं.

शाळा सुटल्यावर ते शिक्षकांच्या खोलीत आले. मी वह्या तपासत होतो. ते माझ्यासमोर बसले.

"राहून गेलं," मी आपण होऊनच म्हणालो.

"राहून गेलं, की ठेवलंत?"

मी पेन खाली ठेवलं. बाहेर गडी अंगण झाडत होता.

"ठेवलं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "वाटलंच. तुम्ही विसरणारे नव्हे." मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पण का हो?" त्या विचारण्यात राग नव्हता. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की ते कुठून आलं हे बघायला ते विचारत, तसं विचारलं.

मी काहीही सांगू शकलो असतो. पण त्यांच्यासमोर खोटं सुचेना. "इतकी वर्षं तुमचा तास माझ्या वर्गात ऐकू येत होता," मी म्हणालो. "माझी मुलं तुमचंच ऐकायची. मीसुद्धा."

त्यांनी माझ्यापुढची वही मिटून बाजूला ठेवली.

"मग सांगायचं होतंत, मास्तर," ते म्हणाले. "मी हळू बोललो असतो."

ते उठले आणि गेले. तेव्हा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज कदाचित हे लिहायला बसलो नसतो.

दामल्यांनी त्यांना पुन्हा चौथीचा वर्ग घ्या म्हणून परोपरीने सांगितलं. परीक्षा द्या, वर्षाची तर गोष्ट, म्हणून सांगितलं. मयेकर मानी होते. "दिलेलं काढून घेतल्यावर त्याच आवारात नाही राहायचं," म्हणाले, आणि महिनाअखेर नाट्याला निघून गेले. मी काय केलं ते त्यांनी दामल्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मी तर नाहीच. दामले आता हयात नाहीत.

मॅट्रिकचा वर्ग मला मिळाला. पहिल्या दिवशी मुलं उभी राहिली, बसली, वह्या उघडल्या. मी मन लावून शिकवलं. ती चांगली मुलं होती, त्यांनी सगळं उतरवून घेतलं. कुणीही हसलं नाही. त्या वर्षीचा निकालही बरा लागला. पण तास संपल्याची घंटा झाली की ज्या तत्परतेने वह्या मिटल्या जात, तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

यमुनेला मी सगळं सांगितलं ते पुढे फार उशिरा, ती आजारी होती तेव्हा. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने फक्त विचारलं, "मयेकर मास्तर आता कुठे असतात?" नाट्याला असतात, गावातल्या खलाशांची इंग्रजी पत्रं वाचतात, त्यांच्या पोरांना शिकवतात, चाळिशीकडे झुकल्यावर लग्न केलं म्हणतात, एवढं मी लोकांकडून ऐकलं होतं ते सांगितलं. "जाऊन या एकदा," ती म्हणाली. मी हो म्हणालो. गेलो नाही. त्याच साली ती वारली.

मयेकरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मिठाच्या सत्याग्रहाला तोवर तीन-चार वर्षं उलटली होती. मालवणला भाचीचं लग्न आटोपून मी आगबोटीने रत्नागिरीला परत येत होतो. बोटीवर आंब्याच्या करंड्यांची थप्पी, त्यांच्या वासाने आणि समुद्राच्या हेलकाव्याने अर्धे उतारू आडवे झालेले. नाट्याजवळच्या मुसाकाझी बंदरात बोट उभी राहिली. पडावातून माणसं वर चढली, त्यांत मयेकर होते. केस पिकलेले, अंगाने अधिकच आटलेले. बरोबर एक बाई होती, त्यांच्याहून बरीच लहान, नाकात मोरणी, हातात बोचकं. मी डेकच्या दुसऱ्या टोकाला बाकावर होतो. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही.

करंड्यांच्या आडोशाला त्यांनी कांबळं पसरलं. बोट हलली आणि थोड्याच वेळात मयेकर झोपी गेले. तांडेलाच्या मुलाला बोट लागायची नव्हती, हे दमलेल्या माणसाचं झोपणं होतं. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर. मी ठरवलं, आता उठायचं, जवळ जायचं, जागे होईपर्यंत बसून राहायचं, आणि बोलायचं. काय बोलायचं ते माझं पाठ होतं. मी उठलो. चार पावलं गेलो. मग वाटलं, झोपमोड कशाला करा. परत येऊन बसलो. पूर्णगड मागे पडलं तेव्हा पुन्हा उठलो, आणि पुन्हा बसलो. रत्नागिरीचा दीपस्तंभ दिसायला लागला.

दुपारचं ऊन फिरलं होतं. करंड्यांची सावली सरकून गेली आणि ऊन मयेकरांच्या तोंडावर आलं. ती बाई काहीतरी शिवत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं. त्यांना उठवलं नाही. शिवण खाली ठेवलं, जरा सरकून उन्हाच्या बाजूला बसली, आणि पदर दोन्ही हातांनी त्यांच्या चेहऱ्यावर धरला. बंदर येईपर्यंत ती तशीच बसून होती. हात अवघडला की हात बदलायची, पण पदर खाली येऊ द्यायची नाही.

आमचा पडाव बोटीला लागला. मी माझी ट्रंक उचलली आणि शिडीकडे निघालो. उतरताना एकदा मागे वळून पाहिलं. मयेकर अजून झोपलेलेच होते. घरी माझी वाट बघणारं आता कुणी नव्हतं, आणि त्या झोपलेल्या माणसाचा, इतकं सगळं करून झाल्यावरही, मला हेवा वाटला.